दरडीकडं, दरीकडं

दस्तगीर मिस्त्रीनं टायर गडगडत आणून माझ्यापुढं उभा केला आणि म्हणाला, "वहिनी, हात लावून बघा. हा बटनाचा टायर. चिखलात नख रुतवून चालतो."

मी हात लावला. टायरवर बोटभर जाडीचे रबरी ठोकळे होते. मला टायरमधलं काही कळत नव्हतं, पण घसरणं म्हणजे काय ते चांगलं कळत होतं. त्याच पावसाळ्यात देवखोलच्या चढावर आमचा पिकअप मागं बसलेल्या बायकांसकट उलटा घसरला होता. फार नाही, दोन-तीन हात. एका दगडाला चाक अडलं म्हणून थांबला. दगड नसता तर आज ही गोष्ट सांगायला मी नसते. तेव्हापासून गाडी त्या चढाला लागली की मी डोळे गच्च मिटायची आणि देवीला नवस बोलायची. इतके नवस बोलून ठेवले होते की फेडायला दोन जन्म पुरले नसते.

"हेच बसवा," मी म्हणाले.

आमचे मालक दुकानाच्या पायरीवर बसले होते. ते काही उठले नाहीत. तिथूनच म्हणाले, "टायर अजून एक पावसाळा काढतील गं. मी काय म्हणतो, टपावर लाइटचा पट्टा बसवू. लांबवर उजेड पडतोय."

मी मिस्त्रीकडं बघितलं. मिस्त्री छताकडं बघायला लागला. नवराबायकोच्या भांडणात पडायचं नाही एवढं तो धंद्यात शिकला होता.

आता आम्ही कोण ते सांगते. मी मालन गावडे. देवखोल ही चंदगड तालुक्यातली आमची वाडी, वर सड्यावर, म्हणजे डोंगरपठारावर, चारी बाजूंनी रान. मालकांचं नाव लुमाण्णा. जमीन म्हणाल तर दोन वाफे भात आणि बांधावर चार काजूची झाडं. तो जुना पिकअप हीच आमची शेती. सकाळी वाडीतल्या डझनभर बायकांना घेऊन मालक खाली काजूच्या कारखान्यात सोडायचे, दिवसभर कुणाचं खत, कुणाचं सिमेंट ओढायचे आणि संध्याकाळी बायकांना वर आणायचे. मीही त्याच कारखान्यात काजू सोलायची. जाता-येता पुढं मालकांशेजारी बसायचा मान माझा. मान कसला, शिक्षाच ती. मागं बसलेल्यांना दरी दिसत नाही, पुढं बसलेलीला सगळं दिसतं.

कारखान्यातल्या बायकांची भिशी होती आणि त्या दिवाळीला माझा नंबर लागला होता. म्हणून तर मी मिस्त्रीच्या दुकानात तोंड वर करून बोलत होते. एरवी गाडीच्या बाबतीत मला कोण विचारतंय.

मिस्त्रीकडं बेळगावची हौशी पोरं यायची. रानात मुद्दाम चिखलात गाड्या घालायच्या आणि मुद्दाम बाहेर काढायच्या, असला त्यांचा खेळ. त्यांच्यासाठी ठेवलेलं सगळं सामान त्यानं मला दाखवलं. पुढं लावायचा लोखंडी गार्ड. त्याचं वजन ऐकून मी म्हणाले, नाकापेक्षा मोती जड, राहू द्या. अडकलेली गाडी ओढायचं तारेच्या दोराचं मशीन. आम्हाला ओढायला वाडीत वीस माणसं फुकट होती. मागचे पाटे वाढवून गाडी वीतभर उंच करायची म्हणाला. मी म्हणाले, आधीच बायका गाडीत चढताना एकमेकींना ढकलतात, आणखी वीतभर उंच केलीत तर शिडी पण तुम्हीच द्या. मिस्त्री हसला. मालक हसले नाहीत.

"लाइट घेऊ या, मालू," ते पुन्हा म्हणाले.

"लाइट लावून काय गाडी चढणार हाय काय? चाक चढवतंय गाडीला, दिवा न्हाई. सगळ्या तालुक्याला दिपवून भाव खायचाय तुम्हाला."

दोन्ही घेण्याएवढे पैसे नव्हते. मी टायर बसवले. हमरस्त्यावर ते टायर घूं घूं वाजायचे, डिझेल जरा जास्त लागायला लागलं, मागच्या बायकांची हाडं खिळखिळी व्हायची आणि त्या मला शिव्या घालायच्या. पण चढाला गाडी घसरत नव्हती. मी नवस बोलायचं कमी केलं.

मात्र माझ्या मनात दुसरीच एक भीती घर करून होती, आणि ती कुणाजवळ बोलायची सोय नव्हती. मालक प्यायला लागलेत असं मला वाटत होतं. संध्याकाळी कारखान्याच्या फाटकाशी गाडी लावून उतरले की ते दाराला धरून उभे राहायचे. घरी आल्यावर उंबऱ्याला ठेचाळायचे. एकदा समोर ठेवलेल्या तांब्याला लाथ बसली, पाणी घरभर झालं आणि उलट माझ्यावरच ओरडले, वाटेत का ठेवतेस म्हणून. गाडी चालवताना सारखं मला बोलतं ठेवायचे. पुढं कोण दिसतंय, नाईकाची म्हस वाटेत बसली असल बघ, वळणावर कुणी उभं हाय का. मला वाटायचं, झोप येऊ नये म्हणून हे चाललंय. मी निमित्त काढून त्यांचं तोंड हुंगायची. कधी वास यायचा नाही. मग तर मला जास्तच भीती वाटायची, कारण वास न येणारी कुठली दारू हे पितात ते मला कळेना.

डझनभर बायकांचा जीव त्या दोन हातांत होता. त्या बायकांना मीच घरोघर जाऊन गाडीत बसायला लावलं होतं. त्यांच्या नवऱ्यांना, सासवांना मीच शब्द दिला होता की आमच्या गाडीत काही भ्यायचं कारण नाही. माझ्यासारख्या भित्र्या बाईनं हा शब्द द्यावा, म्हणजे बघा.

मार्गशीर्ष लागला. भात कापणीला आलं आणि रानात गणपती आल्याची बातमी आली. आमच्याकडं त्याला हत्ती म्हणत नाहीत. नाव घेतलं की त्याला ऐकू जातं असं जुनी माणसं म्हणतात. गणपती म्हणायचं, नाहीतर नुसतं 'तो'. एकटा सुळेवाला होता. खालच्या वाडीत एकाचं भात तुडवलं होतं, एकाची केळीची बाग झोपवली होती. वाटेत गाठ पडली तर काय करायचं तेही ठरलेलं होतं. हॉर्न वाजवायचा नाही, दिवे मालवायचे, हात जोडायचे आणि त्याला जाऊ द्यायचं. बहुतेक वेळा तो जातो.

त्या दिवशी कारखान्यात माल जास्त होता. मॅनेजर देसाईंनी बायकांना थांबवून घेतलं. बाहेर आलो तेव्हा दिवस बुडाला होता. मालक गाडीपाशी येरझाऱ्या घालत होते. माझ्यावर खेकसले, "किती उशीर? वेळ-काळ काय हाय का न्हाई?" मी मनात म्हटलं, प्यायची वेळ टळली वाटतं.

चढ सुरू झाला. उजवीकडं, मालकांच्या बाजूला, तांबडी दरड आणि माझ्या बाजूला खोल दरी, तळाला ओढा. गाडीचे दिवे जुने, त्यातला एक पिवळट. मालक त्या दिवशी फारच हळू चालवत होते. मानेच्या शिरा ताठ, तोंड काचेला लावलेलं. वरच्या वळणाच्या अलीकडं मला रस्त्यावर भेर्ली माडाचं झाड आडवं पडलेलं दिसलं. मग त्याच्या मागचा काळा आकार हलला आणि दोन पांढरे सुळे दिसले.

तोंडातून कसाबसा एकच शब्द निघाला. "गणपती."

त्यांनी करकचून ब्रेक मारला. "कुठं?"

मला त्या भीतीतही नवल वाटलं. घराएवढं जनावर समोर उभं आणि हा माणूस विचारतोय कुठं. "आवो, समोर. वळणावर. दिवे मालवा."

त्यांनी दिवे मालवले. इंजिन हळू घुरघुरत होतं. मागं बायकांची कुजबुज झाली आणि एकदम थांबली. केबिनच्या मागच्या काचेची एक फट कायम उघडी असायची. तिच्यातून बायाक्काचा आवाज आला, "कुणी बोलू नका गं. हात जोडा." बायाक्का आमच्यातली सगळ्यात मोठी, साठीच्या पुढची. तिचं कुणी मोडत नसे.

आम्ही हात जोडून बसलो. आभाळात अजून थोडा उजेड होता. तो सोंडेनं माडाचा गाभा काढून सावकाश खात होता. कडाकडा मोडल्याचा आवाज यायचा, मग चावल्याचा. माझं काळीज इतकं वाजत होतं की तेही त्याला ऐकू जाईल असं मला वाटत होतं. मग त्यानं खाणं थांबवलं. कान पसरले. आणि आमच्या दिशेनं चार पावलं टाकली.

"मागं घ्या," मी पुटपुटले. "खाली म्हसोबाजवळ रस्ता रुंद हाय. तिथवर मागं घ्या. त्याला वाट द्या."

मालक हलले नाहीत.

"आवो, येतोय तो. मागं घ्या की."

"मालू," ते म्हणाले. आवाज इतका लहान होता की मला त्यांचा वाटलाच नाही. "मला दिसंना."

"काय दिसंना?"

"काहीच. दिवस बुडाला की काहीच दिसंना मला. दोन वर्सं झाली. दिवे असले की पुढचं थोडं कळतंय. आत्ता तू पण दिसंना झालीस."

त्या एका क्षणात सगळं कळलं. उंबरा, तांब्या, नाईकाची म्हस. आणि टपावरचे दिवे कशाला हवे होते ते. पण तेव्हा त्याचा विचार करायलाही सवड नव्हती. समोर गणपती, बाजूला दरी, मागं डझनभर बायका आणि स्टेअरिंगवर बसलेला माणूस आंधळा. मला वाटलं, दार उघडून पळावं. खरंच वाटलं. पण पळणार कुठं, दार तर दरीकडंच उघडत होतं.

"दिवे लावू काय?" त्यांनी विचारलं.

"नको. दिवे बघून अंगावर येईल." मी वळून सीटवर गुडघे टेकले आणि मागच्या फटीला तोंड लावलं. "बायाक्का, गाडी मागं घ्यायची हाय. इथनं मला रस्ता दिसत न्हाई. तू फाळक्यापाशी जा आणि मला सांग कुठं घ्यायची ते."

तिनं कशाला म्हणून विचारलं नाही. सरकत मागच्या फाळक्याशी गेली. मी मालकांना म्हणाले, "मी सांगते तसं करा. हळू घ्या."

गाडी मागं सरकली. बायाक्का काहीतरी बोलली, ते पुढच्या बाईनं ऐकलं, तिनं तिच्या पुढचीला सांगितलं, असं करत कानोकान माझ्यापर्यंत आलं. डावीकडं. मी मालकांना म्हटलं, डावीकडं घ्या. त्यांनी घेतली आणि माझ्या बाजूचं चाक कडेवर गेलं. दगड सुटले. ते खाली ओढ्यापर्यंत पडत गेल्याचा आवाज मी ऐकला. मागं एक बाई किंचाळणार तोच दुसरीनं तिच्या तोंडावर हात दाबला.

"थांबा!"

ते थांबले. गाडी कडेवर तिरकी उभी राहिली. बायाक्काचं तोंड मागं आणि मालकांचं पुढं. तिचं डावं ते त्यांचं उजवं. एवढी साधी गोष्ट आम्हा दोघींनाही सुचली नव्हती. भीतीनं माणसाचं डोकं कसं चालेनासं होतं ते मी त्या दिवशी पाहिलं. समोर तो आणखी जवळ आला होता. त्याच्या अंगाचा ओल्या गवताचा वास गाडीत यायला लागला.

मागून निरोप आला. या वेळी तो शब्दन् शब्द मला आठवतो, कारण प्रत्येक बाईनं तो जसाच्या तसा पुढं दिला. "बायाक्का म्हणती, डावं-उजवं सोडा. दरड का दरी, तेवढंच सांगते."

"दरडीकडं," पाठोपाठ आलं.

"दरडीकडं," मी मालकांच्या कानात म्हणाले. त्यांनी स्टेअरिंग फिरवलं. बटनाच्या टायरनी मुरूम धरला, गाडी कडेवरून आत आली.

मग तेच चालू राहिलं. दरडीकडं. दरडीकडं. बास. सरळ. थोडं दरीकडं. बायकांच्या तोंडून शब्द सरकत यायचे आणि मी ते मालकांच्या कानात टाकायची. किती वेळ चाललं देव जाणे. मालकांच्या कानशिलावरून घाम वाहत होता. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला होता आणि तो खांदा पानासारखा हलत होता. पण हात मात्र मी सांगेन तसेच फिरत होते. एकदाही जास्त नाही, एकदाही कमी नाही. समोर तो आमच्याबरोबर एकेक पाऊल खाली येत होता. अंगावर धावला नाही. पण वाट काही सोडली नाही.

"म्हसोबा आला," मागून आलं. "दरडीकडं पुरी घे. थांब."

गाडी दरडीला लागून थांबली. मालकांनी इंजिन बंद केलं. तो आला. माझ्या दाराला लागूनच गेला. खिडकीच्या चौकटीत नुसती भिंत सरकत होती, खरबरीत, केसाळ. मधेच तो थांबला. सोंड मागच्या बायकांवरून फिरली. आतल्या एकीनंही श्वास घेतलेला मी ऐकला नाही. मग फुस्स करून आवाज झाला आणि तो उतारानं खाली भातांकडं निघून गेला.

मालक मला ओलांडून माझ्या दारानं उतरले. त्यांना बहुतेक उलटी आली होती. ते हात पुढं करून, चाचपडत, गाडीला धरून चालले आणि म्हसोबाच्या दगडाला अडखळून पडले. सगळ्या बायकांनी ते पाहिलं. दगड शेंदराचा होता, अंधारातही कळत होता. मी धावत जाऊन त्यांना उठवलं. माझी मान वर होईना. आता या बायका बोलतील, आता शिव्या देतील, असं मला वाटत होतं. द्यायला हव्याच होत्या.

बायाक्का मागून उतरली. पुढं आली आणि माझ्याशेजारी चेपून बसली. आजवर ती पुढं कधी बसली नव्हती. "दिवे लाव आता, लुमाण्णा," ती म्हणाली. "चल. मी हाय." आणि वाडी येईपर्यंत ती नाम घेतल्यासारखी सांगत राहिली. दरडीकडं. दरीकडं. सरळ.

घरी आल्यावर मी तोंडाला येईल ते बोलले. दोन वर्सं. दोन वर्सं आमच्या जिवाशी खेळलात. सांगायला तोंड नव्हतं काय तुम्हाला?

ते भिंतीला टेकून बसले होते. "सांगितलं असतं तर तू बायकांना गाडीत बसू दिलं असतंस काय?"

"न्हाई."

"मग? बायका न्हाईत तर गाडी न्हाई. गाडी न्हाई तर मी काय करू? मला वाटलं, मोठा उजेड असला की निभंल. टिकंल तेवढं टिकंल. रोज चढाला लागलो की मला वाटायचं, आज कुणाला तरी मारणार मी. रोज वाटायचं, मालू."

मला वाटायचं घरात भित्री मी एकटीच. माझा राग तिथंच ओसरला. मी त्यांच्या शेजारी भुईवर बसले आणि आम्ही दोघंही रडलो.

गाडी विकायची असं ठरलं. सकाळी बायकांना खरं काय ते सांगायचं, माफी मागायची आणि मोकळं व्हायचं. सांगायचं मी, कारण मालकांना ते जमलं नसतं. सकाळी बायका वडाखाली जमल्या. गणपतीपुढं भ्याले नव्हते तेवढी मी त्यांना भ्याले. शब्द जुळवून ठेवले होते. तोंड उघडलं तोच बायाक्का म्हणाली, "मालन, ऐक. आमचं ठरलंय. आजपासनं आम्ही कारखान्यातनं चार वाजता सुटणार. देसायाला सांगायचं, वाटेत गणपती हाय, दिवसाउजेडी घरी पोचाय पायजे."

"अक्का, मला जरा बोलायचंय."

"बोलायचं काय हाय त्यात? गणपतीपुढं कुणाचं चालतंय?"

मी एकेकीच्या तोंडाकडं बघितलं. एकीनंही नजर चुकवली नाही. सगळ्यांना माहीत होतं. आमची मजुरी किलोवर होती. जेवढे काजू सोलाल तेवढे पैसे. दोन तास आधी सुटायचं म्हणजे प्रत्येकीच्या पदरातले पैसे जाणार होते. मी तसं म्हणाले. एक जण म्हणाली, "मग हात जरा भराभर चालवू." दुसरी म्हणाली, "तू आधी तुझं तोंड बंद कर, मग चालतील." आणि त्या गाडीत चढल्या. एकमेकींना ढकलत, नेहमीसारख्याच.

बेळगावच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, हा रोग रक्तातून येतो, याला औषध नाही. दिवसा अजून काही वर्षं दिसेल, मग तेही उतरेल. परतताना मालक म्हणाले, "मग आता तू शिक." मी त्यांना वेड्यात काढलं. पण उन्हाळ्यात त्यांनी मला सड्यावर नेलं आणि स्टेअरिंगवर बसवलं. पहिल्या दिवशी मी गाडी नाईकांच्या गवताच्या गंजीत घातली. म्हशीनं वाट सोडली, एवढी तिला अक्कल. भित्र्या माणसाला शिकवणं सोपं नाही. पण मालक म्हणायचे, भित्रं माणूस ब्रेकवरचा पाय काढत न्हाई, तेच बरं.

ते सगळं व्हायला वेळ लागला. परवाना दोनदा नापास होऊन मिळाला. आणि अंधारात तो चढ चढवायची हिंमत यायला त्याहून जास्त.

गणपती त्याच वर्षी भात संपताच तिळारीच्या रानात उतरून गेला. पुन्हा आमच्याकडं फिरकला नाही. पण कारखान्यात ते कुणी सांगितलं नाही. तो आणि पुढचा, असे दोन्ही हिवाळे देसाई मॅनेजर विचारायचे, काय गं, आहे का अजून? बायका सांगायच्या, काल बी दिसला. एकदा एकीनं त्याच्याबरोबर पिल्लू होतं म्हणून सांगितलं. मी तिला नंतर म्हणाले, अगं, एकट्या सुळेवाल्याला पिल्लू कुठनं आलं? तर म्हणे, तू गप. चार वाजले की सगळ्या टोपल्या सारून उठायच्या आणि हात धुवायला जायच्या. किती किलो सोडले त्यांनी त्या दोन हिवाळ्यांत, मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी काढलं नाही.

तिसऱ्या वर्षी मार्गशीर्षातच एका संध्याकाळी मी स्वतः गाडी घेऊन फाटकाशी आले. त्या दिवशी चार वाजता कुणी उठलं नव्हतं, आता दिवस बुडत होता. मालक मागं फाळक्यापाशी बसले होते, कुणीतरी दिलेली सुपारी चघळत. बायाक्का देसाईंच्या खिडकीशी गेली.

"साहेब, उद्यापासनं आम्ही पुरा वेळ थांबतो."

"आणि तुमचा तो गणपती?"

"गेला."

"कधी गेला?"

तिनं वळून माझ्याकडं बघितलं. मी दोन्ही हातांनी स्टेअरिंग घट्ट धरून बसले होते.

"आत्ताच," ती म्हणाली, आणि येऊन माझ्या शेजारी बसली.